मशेरी सोडताना १८००-११-२३५६ आणि निकोटिन गम: बाईला कितपत उपयोगी?

मशेरी सोडू पाहणाऱ्या बाईला दोन गोष्टी घरबसल्या मिळू शकतात. एक म्हणजे राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी फोनसेवेचा, मोफत नंबर, १८००-११-२३५६. दुसरी म्हणजे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारा २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम, तंबाखूतलं निकोटिन थोडं थोडं देऊन तलफ भागवणारा. दोन्ही कामाच्या आहेत आणि दोन्ही वापरून पाहाव्यात असंच आमचं मत आहे. पण दोन्हींची आखणी पाहिली की समोर उभा राहतो तो सिगारेट ओढणारा, हातात स्वतःचा फोन आणि खिशात स्वतःचे पैसे असलेला माणूस. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, घरच्यांचा डबा करून शेतावर किंवा धुणीभांड्याला जाणाऱ्या बाईने त्या जशाच्या तशा वापरल्या, तर आठवड्याभरात ‘आपल्याच्याने नाही व्हायचं’ म्हणून ती पुन्हा डबी उघडते. थोडे फेरफार केले तर बरंच काही जमतं. ते फेरफार कोणते, हेच या परीक्षणात मुख्यतः सांगायचं आहे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका या ना त्या रूपात तंबाखू वापरताना आढळल्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्या त्यात जेमतेम १.४ टक्के. तोंडात ठेवायची किंवा दातांना लावायची तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. म्हणजे आपल्याकडचं बाईचं व्यसन हे बहुतेक सगळं मशेरी, तपकीर, तंबाखू-चुना आणि विदर्भात खर्रा असं आहे. याच महाराष्ट्रात बायकांनी ‘आडवी बाटली’ला मतं देऊन गावातली दारूची दुकानं बंद पाडली. घरातल्या पुरुषाच्या दारूवर चारचौघांत बोलण्याचा हक्क त्यांनी लढून घेतला. स्वतःच्या डबीवर मात्र कुणी बोलत नाही. बाई दारू प्याली तर तिच्या चारित्र्यावर बोट येतं, आणि मशेरी लावली तर ‘दात घासते, त्यात काय’ म्हणून सोडून देतात. दोन्हीकडे ती उपचाराविना राहते. व्यसनमुक्तीत समानता म्हणजे काय, तर तिचंही व्यसन हा आजार धरून त्यावर पैसा, वेळ आणि डॉक्टर खर्ची पडणं.

आधी फोनसेवा. ती २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. २०१८ साली बंगळुरूची निम्हान्स, गुवाहाटीची बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि मुंबईचं टाटा मेमोरियल ही केंद्रं जोडली गेली. फोन लागला की आधी मराठीत बोलायचं आहे असं सांगा. सोमवार सोडून सकाळी ८ ते रात्री ८ ही वेळ आहे. समुपदेशक व्यसनाची माहिती घेतात, सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात, तलफ आली तर काय करायचं ते सांगतात आणि पुढे पाठपुराव्याचे फोन करतात. तोंडातल्या तंबाखूच्या बाबतीत असं समुपदेशन हाच सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. गमचा पुरावा सिगारेटसाठी भक्कम आहे, तोंडातल्या तंबाखूसाठी त्यापेक्षा कच्चा आहे. म्हणून दोन्हीतलं एकच जमणार असेल तर फोन निवडा.

पहिल्या फोनवर गाडी अडते ती एका वाक्यावर. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की मशेरी लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ती खात नाही, लावते. म्हणून सुरुवातीलाच सांगावं: ‘मी मशेरी लावते. तंबाखू तव्यावर भाजून केलेली.’ पुढची माहिती आधी कागदावर लिहून किंवा मनात जुळवून ठेवावी. दिवसातून किती वेळा लावता? उठल्यावर किती मिनिटांत पहिली चिमूट लागते? एकदा लावली की तोंडात किती वेळ राहते? पाणी थुंकता की थोडं गिळलं जातं? रात्री झोप मोडून लावावी लागते का? व्यसन किती खोल आहे ते यावरून कळतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबित्व जास्त आहे असं धरतात. मशेरीचं पहिलं कामच सकाळी दात घासण्याचं, त्यामुळे बहुतेक बायका या गटात येतात. दिवसाला तीनच वेळा लावते म्हणून आपलं व्यसन किरकोळ आहे, असं समजू नये.

दुसरी अडचण फोन कुणाचा आहे ही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल आहे. बाकीच्यांचा फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा. पाठपुराव्याचा फोन आला की तो मुलगा उचलतो, आणि ज्या बाईने घरात काहीच सांगितलेलं नाही तिची गोष्ट तिच्या तोंडून निघायच्या आधीच फुटते. उपाय असा: पहिल्याच फोनवर सांगून टाकावं की हा नंबर घरातल्या दुसऱ्याचा आहे, अमुक वाजता मी एकटी असते, तेव्हाच करा, दुसऱ्याने उचलला तर कशासाठी आहे ते सांगू नका. घरी फोन घेणं शक्यच नसेल तर पाठपुरावा आपण उलट करावा. ठरलेल्या दिवशी शेजारणीच्या, आशाताईच्या किंवा बचत गटातल्या मैत्रिणीच्या फोनवरून स्वतः कॉल लावावा. नंबर मोफत असल्याने कुणाचा रिचार्ज खर्च होत नाही. बोलायला पंधरा-वीस मिनिटांची निवांत जागा मात्र लागते. दुपारी जेवणं उरकल्यावरची वेळ बऱ्याच जणींना सोयीची पडते. संध्याकाळी स्वयंपाकाच्या गडबडीत लावलेला फोन अर्धवट राहतो.

हा नंबर बायकांपर्यंत पोचत नाही याचं एक साधं कारण आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवर इशाऱ्याबरोबर छापला जातो. मशेरीसाठी घेतलेलं तंबाखूचं पान मात्र बाजारातून सुटं, कागदात गुंडाळून येतं. त्यावर ना चित्र, ना इशारा, ना नंबर. आशा, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या सचिव या तिघींनी तो भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिला तर पाकिटापेक्षा जास्त उपयोग होईल. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल देऊन मोबाइलवर संदेश मिळवण्याची सरकारी सोयही आहे. वाचता येणाऱ्या आणि फोन स्वतःजवळ असणाऱ्या बाईला ती जोड म्हणून ठीक. बाकीच्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

आता गम. चूक होते ती इथेच. आकार च्युइंगमचा असल्याने तो चघळला जातो, आणि पाच मिनिटांत उचकी, घशात जळजळ, मळमळ सुरू होते. याचं कारण असं की निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. भराभर चघळलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं. तिथून तलफ भागत नाही, पोट मात्र ढवळतं. बरोबर पद्धत अशी: गोळी सावकाश पाच-दहा वेळा चावायची. तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणं थांबवून ती गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायची. अशी एक गोळी अर्धा तास चालते. तलफ उतरायला वेळ लागतो, मशेरीसारखं लगेच काही होत नाही. म्हणून तलफ टोकाला जाण्याची वाट न पाहता, नेहमीच्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी गोळी तोंडात गेली पाहिजे.

चहा आणि गम यांचं जमत नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत, ताक, कोकम अशा पदार्थांनी तोंडातली आम्लता वाढते आणि निकोटिन शोषलं जात नाही. गम तोंडात असताना आणि त्याआधीची १५ मिनिटं पाण्याशिवाय काही घेऊ नये. सकाळचा क्रम म्हणून बदलावा लागतो: उठल्यावर साध्या पेस्टने ब्रश, मग पाण्याने चूळ, मग अर्धा तास गम, आणि त्यानंतर चहा. बाईच्या हातात स्वतःचा चहा कधी प्यायचा हे असतंच असं नाही. सगळ्यांचा चहा एकदम होतो आणि तिला उभ्याउभ्या घ्यावा लागतो. घरच्यांनी करायची मदत इथे अगदी नेमकी आहे: तिचा चहा अर्ध्या तासाने होऊ द्यायचा, आणि तो दुसऱ्या कुणीतरी करायचा.

किती गोळ्या? पाकिटावरचं वेळापत्रक सिगारेटच्या हिशेबाने असतं. पहिले ६ आठवडे दर १-२ तासांनी एक, दिवसाला किमान ९. ७ ते ९ आठवडे दर २-४ तासांनी. १० ते १२ आठवडे दर ४-८ तासांनी. मशेरीसाठी हा आकडा समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलून बसवावा. ४ मिलिग्रॅमच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. अपयशाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मात्रा कमी पडणं, आणि बायकांच्या बाबतीत त्यामागे काटकसर असते. गोळी अर्धी तोडायची, ‘आज दोनच घेते, उरलेल्या उद्याला’ म्हणायचं, महाग आहे म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद करायची. घरातल्या बाकी वस्तूंना लावलेली काटकसर इथे लावली तर घातलेले पैसेही वाया जातात.

हिशेब करून पाहा. एक गोळी १० रुपयांना पडली असं धरलं तर दिवसाला ९ म्हणजे ९० रुपये, आणि ६ आठवड्यांचे ३,७८० रुपये. मशेरीचा खर्च त्यापुढे नगण्य असतो, कारण थोडं पान भाजलं की डबी बरेच दिवस पुरते. म्हणून ‘व्यसन सोडा, पैसे वाचतील’ हा सिगारेटवाल्याला पटणारा मुद्दा इथे लागू पडत नाही. सोडणं हेच सुरुवातीला महाग आहे, आणि तो खर्च घरखर्चात धरायचा की नाही हे बहुतेक घरांत ती ठरवत नाही. दुकानात जाण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात किंवा दंत विभागात चौकशी करावी. समुपदेशन तिथे मोफत असतं, आणि साठा असेल तर गमही मिळू शकतो. निकोटिनची ही उपचारपद्धती २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ‘हे यादीतलं औषध आहे, कधी येईल?’ असं विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे. तो बचत गटाने चार जणींनी मिळून वापरला तर उत्तर लवकर मिळतं.

दातांचा प्रश्न गमच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. वर्षानुवर्षं मशेरी लावणाऱ्या बाईच्या हिरड्या उतरलेल्या, दात हललेले किंवा पडलेले असतात. अशा तोंडात गम चावता येत नाही, कवळीला तो चिकटतो, आणि जबड्याच्या सांध्याचा त्रास असेल तर वाढतो. अशांनी डॉक्टरांना चोखायच्या निकोटिन गोळीबद्दल किंवा कातडीवर लावायच्या पट्टीबद्दल विचारावं. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, छातीत वारंवार दुखत असेल किंवा ठोके फार अनियमित असतील तर आधी डॉक्टर, मग निकोटिनचं कोणतंही रूप. गोळ्या आणि वापरलेला गम लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. मुलाच्या पोटात गेलेलं निकोटिन विषारी ठरतं.

बऱ्याच बायकांनी मशेरी धरली ती दाढदुखीवर. दातांच्या डॉक्टरचे पैसे मुलांसाठी निघाले, पुरुषासाठी निघाले, तिच्या दाढेवर मात्र मशेरीची चिमूट आली. निकोटिनने दुखणं काही काळ दबतं, कीड आत चालूच राहते. मशेरी थांबवली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका सुरू होतो आणि वाटतं की सोडल्यामुळेच दात बिघडला. म्हणून तारीख ठरवण्याच्या आधी दात दाखवून घ्यावेत, किडलेली दाढ भरावी किंवा काढावी. तोपर्यंत कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. पेस्ट साधी चालेल. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी दातांना लावायची तंबाखूची पूड वेगळ्या नावांनी विकली जाते. मशेरी सोडून ती धरली तर काहीच सुटलेलं नसतं.

दुसरी गोष्ट पोट साफ होण्याची, आणि तीवर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून मशेरी लावल्याशिवाय ‘कळ येत नाही’ हे खरंच असतं. जिथे शौचालय घराजवळ नाही, किंवा दहा घरांत एक आहे, तिथे अंधार असेपर्यंत उरकून घेण्याची बाईला घाई असते, आणि मशेरी त्या घाईचं औषध बनते. सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होणार हे धरून चालावं. आठवडाभर आधीपासून रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात घ्यावं, सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि दिवसभर पुरेसं पाणी. दिवसा लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांना हा सल्ला कामाच्या ठिकाणच्या मोरीपाशी येऊन अडतो. शेतमालक, मुकादम किंवा सोसायटी यांच्याकडे शौचालय मागणं हा इथे उपचाराचाच भाग झाला.

बाकी त्रास ठरावीक आहेत. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड, मग दोन ते चार आठवड्यांत हळूहळू उतार: चिडचिड, डोकं दुखणं, झोप मोडणं, भूक वाढणं. भूक वाढली तर जेवावं. मशेरीने मारलेली भूक घेऊन राबणाऱ्या बाईचं दोन घास जास्त खाणं हा दुष्परिणाम नव्हे. एकेक तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, पाणी किंवा अंगणात एक फेरी. सुपारी नको, तिचं वेगळं व्यसन लागतं आणि तीही तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते. मन फार खचलं, रडू आवरेना, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर आहे. पैशांवरून किंवा चिडचिडीवरून घरात हात उचलला गेला तर १८१ ही महिला हेल्पलाइन.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने गम स्वतःहून सुरू करू नये. तिथे आधी फक्त समुपदेशन, आणि तेवढ्याने नाही सुटलं तरच डॉक्टरांच्या देखरेखीखाली निकोटिन. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोंडातली तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आढळली, आणि मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. डोहाळ्यांच्या मळमळीवर मशेरी लावायची सवय अनेक घरांत आहे, म्हणून पहिल्या तपासणीलाच हे विचारलं गेलं पाहिजे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईच्या शरीरात निकोटिन लवकर संपतं, त्यामुळे तलफही लवकर येऊ शकते. समुपदेशकाला तेही सांगावं.

घरात मशेरी भाजणं सुनेकडे असेल तर ही दोन्ही साधनं अपुरी पडतात. स्वतः सोडलेली सून सासूसाठी तवा तापवते, काळं होईपर्यंत पान भाजते, त्या धुरात उभी राहते, कुटून डबी भरते, आणि हात तोंडाकडे जातो. फोनवर हे आवर्जून सांगावं, म्हणजे समुपदेशक सासूशीही बोलायची तयारी दाखवू शकतात. ‘आई, आपण दोघी मिळून सोडू’ हे जमलं तर उत्तम. नाही जमलं तर निदान तीन महिने भाजण्याचं काम दुसऱ्या कुणी करावं आणि डबी स्वयंपाकघरातून हलवावी. बचत गटात तीन-चार जणींनी एकच तारीख धरली तर आठवड्याची बैठक आपोआप पाठपुराव्याची होते. लग्नसराई, सण, ऊसतोडीचा हंगाम यांच्या तोंडावरची तारीख घेऊ नये. मशेरीची वेळ हीच बऱ्याच बायकांची दिवसातली एकमेव बसायची वेळ असते. मशेरी गेली तरी ती दहा मिनिटं जाऊ देऊ नयेत. उंबऱ्यात बसायला कारण लागत नाही, हे घरालाही शिकावं लागेल.

फोनसेवेला पाचपैकी चार: मोफत, जाणकार, आणि तोंडातल्या तंबाखूवर खरोखर उपयोगी, एक गुण कापला तो रात्री ८ नंतर आणि सोमवारी फोन बंद असतो म्हणून, कारण काही जणींना निवांतपणा तेव्हाच मिळतो. गमला अडीच: बरोबर वापरला तर पहिले सहा आठवडे निभावतात, पण किंमत, चहा आणि दात या तिन्हींवर तो अडखळतो. मध्येच एखाद्या दिवशी मशेरी लावली गेली तर गम बंद करू नये, दुसऱ्या दिवशीपासून तसाच चालू ठेवावा आणि पुढच्या फोनवर ती वेळ, जागा आणि आधी काय घडलं ते सांगावं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तीन बोटं उभी आत जातील एवढं तोंड न उघडणं, यातलं काही दिसलं तर फोनची वाट न पाहता सरळ दंत विभागात जावं.